ऑफिसच्या ईपीएबीएक्सला व्हॉइसमेल जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नावली त्यांच्यासाठी, ज्यांच्या ऑफिसात, कारखान्यात किंवा दवाखान्यात ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारी पेटी) आधीपासून चालू आहे आणि आता त्याला व्हॉइसमेल (फोन उचलला नाही तर समोरच्याचा निरोप रेकॉर्ड करणारी यंत्रणा) जोडायचं आहे. किंवा जोडून झालंय, पण नीट चालत नाही. दुसऱ्या गटातली मंडळी जास्त भेटतात, म्हणून बिघाडांना इथे जागाही जास्त दिली आहे. मेनूंची नावं आणि कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. खाली आलेले एक्स्टेन्शन नंबर नुसते नमुन्यादाखल आहेत.

आमच्या ईपीएबीएक्समध्ये व्हॉइसमेल आधीच असेल का?

असू शकतं. हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये ते आतच असतं किंवा एक कार्ड बसवून, लायसन्स घेऊन चालू करता येतं. आधी मॅन्युअल काढा आणि मोकळे स्लॉट बघा. आतलं व्हॉइसमेल मिळत असेल तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

फक्त एक सावधगिरी. ऑटो अटेंडंट किंवा डिसाचं कार्ड म्हणजे व्हॉइसमेल नव्हे. "आमच्या कंपनीत आपलं स्वागत आहे, एक्स्टेन्शन नंबर डायल करा" एवढं बोलणारं कार्ड समोरच्याचा आवाज साठवत नाही. कोटेशनमध्ये या दोन्ही गोष्टी सर्रास एकाच ओळीत लिहिलेल्या असतात. विक्रेत्याला सरळ विचारा: बाहेरच्या माणसाचा निरोप रेकॉर्ड होतो का, एकूण किती मिनिटांचा, आणि एका वेळी किती जणांचा?

आपल्याकडे व्हॉइसमेल ऐकतं तरी कोण?

खरं सांगायचं तर फारसं कोणी नाही. यंत्राचा आवाज ऐकला की आपल्याकडे माणूस फोन ठेवतो, मिस्ड कॉल दिला एवढं त्याला पुरतं, आणि बाकीचं व्हॉट्सॲपवर होतं. म्हणून चाळीस एक्स्टेन्शनांना चाळीस मेलबॉक्स देण्याच्या मी विरुद्ध आहे. ते वर्षभरात भरतात आणि कोणी उघडत नाही.

उपयोग होतो तो ठरावीक जागी. सर्व्हिस सेंटरच्या रात्रीच्या तक्रारी, दवाखान्याची अपॉइंटमेंट रद्द करणारे पेशंट, सोसायटीच्या ऑफिसची बंद वेळ. आणि निर्यात करणारे कारखाने, कारण अमेरिकेतल्या ग्राहकाची कचेरी उघडते तेव्हा चाकणमध्ये संध्याकाळ उलटून गेलेली असते आणि त्या ग्राहकाला निरोप ठेवायची सवय असते. विभागवार चार-सहा मेलबॉक्स आणि प्रत्येकाला रोज सकाळी ऐकणारा एक ठरलेला माणूस, एवढ्यावर बहुतेक ऑफिसांचं भागतं.

जोडणी म्हणजे नक्की काय? दोन वायरी लावल्या की झालं ना?

वायरी लावल्याने आवाज पोहोचतो, एवढंच. व्हॉइसमेलला फोन येतो तेव्हा त्याच्या दृष्टीने तो नुसती एक वाजणारी घंटी असतो. हा कॉल १०५ साठी होता, १०५ ने उचलला नाही म्हणून इकडे वळला, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजेच जोडणी.

एकूण चार गोष्टी दोन पेट्यांमध्ये जाव्या-याव्या लागतात. ईपीएबीएक्सने व्हॉइसमेलला तीन सांगायच्या: कॉल मुळात कोणासाठी होता, तो का वळला (बिझी, उत्तर नाही, की मेलबॉक्सच्या मालकाने स्वतःच निरोप ऐकायला फोन केलाय), आणि समोरच्याने फोन कधी ठेवला. चौथी उलट दिशेने जाते: १०५ साठी निरोप आलाय, त्याच्या फोनवरचा दिवा लाव.

बिघाड कुठलाही असो, आधी या चारपैकी कोणती गोष्ट पोहोचत नाही ते ठरवा. ते न ठरवता सेटिंग बदलत बसणाऱ्यांची अख्खी दुपार जाते.

ही माहिती पोहोचवण्याचे मार्ग किती?

व्यवहारात पाच. साध्या ॲनालॉग एक्स्टेन्शनवर डीटीएमएफ टोन (फोनची बटणं दाबल्यावर ऐकू येणारे आवाज) वाजवून. वेगळ्या सिरियल केबलवरून, ज्याला एसएमडीआय म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या डिजिटल फोनची नक्कल करून. पीआरआयवर (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) क्यूसिगने (ईपीएबीएक्सनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत). आणि एसआयपीने, म्हणजे आयपी नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीने.

हे सगळे प्रकार निर्माण झाले, कारण व्हॉइसमेलचा धंदा ईपीएबीएक्सवाल्यांनी नव्हे, तर बाहेरच्यांनी उभा केला. अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांच्या व्हीएमएक्स कंपनीने १९८० च्या सुमाराला अशा यंत्रणा विकायला सुरुवात केली. त्यांचं पेटंट १९८३ चं. १९८२ मध्ये निघालेल्या ऑक्टेलने तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ईपीएबीएक्सशी जुळवून घेणं हाच आपला हुकमाचा पत्ता केला. ज्या ईपीएबीएक्समधून माहिती सरळ मिळत नसे, तिथे यंत्रणा डिजिटल फोन असल्याचं सोंग घ्यायची आणि त्या फोनच्या डिस्प्लेवर जो मजकूर उमटला असता तो वाचून कॉल कोणाचा हे ओळखायची. १९९७ मध्ये ल्यूसेंटने ही कंपनी सुमारे १.८ अब्ज डॉलरला विकत घेतली. म्हणजे या कटकटीच्या कामाला किंमत होती.

एसएमडीआयमध्ये आवाज वेगळ्या लाइनवर आणि माहिती १२०० बॉडच्या आसपास चालणाऱ्या सिरियल लिंकवर. प्रत्येक कॉलमागे एक छोटी ओळ येते: कोणत्या पोर्टवर कॉल आलाय, का वळला हे सांगणारं एक अक्षर, मूळ नंबर आणि फोन करणाऱ्याचा नंबर. पद्धत जुनी, पण भक्कम. मोठ्या हॉटेलात किंवा जुन्या कॅम्पसमध्ये ती चालू असेल तर उगाच काढू नका.

आमचा ईपीएबीएक्स ॲनालॉग आहे, २४ एक्स्टेन्शनांचा. आम्ही काय करायचं?

डीटीएमएफचाच मार्ग. समजा व्हॉइसमेलला चार पोर्ट द्यायचेत. १२१ ते १२४ अशी चार साधी एक्स्टेन्शनं मोकळी करा, एमडीएफच्या (सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या चौकटीच्या) क्रोनवर (वायरी दाबून बसवायच्या पट्टीवर) ती ओळीने आणा आणि व्हॉइसमेलला जोडा. इथे खरेदीतच घोळ होतो. ईपीएबीएक्सचा एक्स्टेन्शन पोर्ट डायल टोन देतो, म्हणजे तो एफएक्सएस. त्याच्यासमोर डायल टोन घेणारा, म्हणजे एफएक्सओ पोर्ट हवा. दोन्हीकडे एफएक्सएस आलं तर काहीही होत नाही, आणि गेटवे (ॲनालॉग लाइन आयपीवर नेणारं यंत्र) परत करायला दुकानदार तयार नसतो.

आता प्रोग्रॅमिंग. चारही एक्स्टेन्शनांचा प्रकार साधा फोन न ठेवता व्हॉइसमेल पोर्ट असा करा, म्हणजे फोन उचलला गेल्यावर ईपीएबीएक्स त्यावर टोन पाठवेल. चौघांचा एक हंट ग्रुप (एका नंबरवर आलेला कॉल मोकळ्या पोर्टवर नेणारा गट) करा, समजा ५००. त्या पोर्टवर कॉल वेटिंग बंद करा, नाहीतर निरोपाच्या मध्येच बीप रेकॉर्ड होते. दुसऱ्याच्या कॉलमध्ये शिरण्याची सोयही तिथे बंद. बाहेरची लाइन घेण्याची परवानगी काढून टाका. ते का, हे पुढे फसवणुकीच्या प्रश्नात आहे. शेवटी प्रत्येक एक्स्टेन्शनचे बिझी आणि उत्तर-नाही हे दोन्ही फॉरवर्ड ५०० वर लावा. एक लावून दुसरा विसरलेली ऑफिसं पुष्कळ आहेत.

आता कॉल कसा चालतो बघा. १०५ चार वेळा वाजतो, कोणी उचलत नाही. ईपीएबीएक्स कॉल ५०० वर वळवतो, १२१ वाजतो, व्हॉइसमेल उचलतं. लगेच ईपीएबीएक्स त्या लाइनवर टोनची एक मालिका वाजवतो: आधी कारण सांगणारा कोड, मग १०५. व्हॉइसमेल ती ऐकतं, आपल्या तक्त्याशी ताडून बघतं आणि १०५ चं ग्रीटिंग सुरू करतं. फोन करणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. फार तर सुरुवातीला सेकंदभर शांतता. मालकाने १०५ वरून ५०० लावला तर कोड वेगळा येतो आणि ग्रीटिंगऐवजी पासवर्ड विचारला जातो.

काही ईपीएबीएक्स या कोडसाठी डीटीएमएफचे ए, बी, सी, डी हे चार जादा टोन वापरतात. साध्या फोनवर ती बटणंच नसतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तो कोड दाबून यंत्रणेला चकवणं कठीण जातं. तुमच्याकडे ही सोय असेल तर घ्या.

कोणालाही फोन केला तरी एकच सामान्य ग्रीटिंग लागतं आणि मेलबॉक्स नंबर विचारला जातो. असं का?

पहिली गोष्ट पोहोचत नाहीये, म्हणजे कॉल कोणासाठी ते. दोष कोणत्या बाजूचा, हे काही मिनिटांत कळतं. व्हॉइसमेलची वायर काढून १२१ च्या क्रोनवर साधा फोन लावा. दुसऱ्या एक्स्टेन्शनवरून १०५ लावा, तो वाजू द्या, कॉल १२१ वर आला की उचला आणि कान देऊन ऐका. टुक-टुक असे भराभर टोन ऐकू आले तर ईपीएबीएक्स आपलं काम करतोय. काही ऐकू आलं नाही तर पोर्टचा प्रकार अजून साधा फोन आहे. टोन ओळखून आकडे दाखवणारं मोबाइल ॲप जवळ धरलंत तर नेमकी मालिकाही लिहून घेता येते.

टोन येतात तरी व्हॉइसमेलला कळत नाही, याची कारणं सहसा दोन. एक, तक्ता जुळत नाही: तिकडून पाच आकडे येतात, इकडे चार अपेक्षित आहेत. एक्स्टेन्शन नंबर तीन आकड्यांवरून चार आकड्यांवर नेले आणि व्हॉइसमेलला सांगायचं राहिलं की हमखास असं होतं. दोन, वेळ जुळत नाही: फोन उचलल्याबरोबर टोन सुटतात आणि व्हॉइसमेल ऐकायला तयार होईपर्यंत पहिला आकडा निघून गेलेला असतो. ईपीएबीएक्सच्या बाजूला टोनपूर्वीचा विराम अर्ध्या सेकंदाने वाढवून बघा.

साहेबांचा फोन सेक्रेटरीकडे वळतो, तिच्याकडून व्हॉइसमेलला. निरोप कोणाच्या मेलबॉक्समध्ये जाईल?

ईपीएबीएक्स मूळ नंबर पाठवतो की शेवटचा, यावर ते ठरतं. बऱ्याच ठिकाणी हा पर्याय असतो. मूळ नंबर निवडा, कारण फोन करणाऱ्याला निरोप साहेबांसाठीच ठेवायचा होता. सेक्रेटरीने तो ऐकावा असं असेल तर तिला त्या मेलबॉक्सचा पासवर्ड द्या.

निरोपाच्या शेवटी लांबलचक टूं-टूं रेकॉर्ड होतं आणि लाइन सुटतच नाही. काय करू?

हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त दिसणारा दोष, म्हणून जरा विस्ताराने.

दोन वायरींच्या ॲनालॉग लाइनवर समोरच्याने फोन ठेवला हे माणसाला कसं कळतं? बिझी टोन येतो आणि तो रिसीव्हर खाली ठेवतो. यंत्राला हे शिकवावं लागतं. समोरचा गेला हे कळवण्याचे तीन मार्ग आहेत: लाइनचा करंट क्षणभर तोडणं, पोलॅरिटी (दोन वायरींची अधिक-उणे बाजू) उलटी करणं, किंवा नुसता टोन. पहिले दोन नेमके आणि जलद. टोन सगळ्यात कमजोर, आणि बहुतेकांच्या नशिबी तोच.

भारतात बिझी टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. अमेरिकन सेटिंगवर आलेला गेटवे आपला टोन ऐकत राहतो, पण ओळखत नाही. त्याच्या लेखी समोर कोणीतरी एकसुरात बोलतंय. म्हणून गेटवेत देश भारत निवडणं हे पहिलं काम. ॲस्टरिस्कमध्ये (संगणकावर चालणारं ईपीएबीएक्सचं सॉफ्टवेअर) ॲनालॉग कार्ड असेल तर टोन झोन भारताचा करा, बिझी टोन ओळखण्याची सोय चालू करा आणि पॅटर्न ७५०, ७५० द्या. किती वेळा टोन आल्यावर लाइन तोडायची तो आकडा चारच्या खाली नेऊ नका, नाहीतर बोलणाऱ्याच्या आवाजालाच टोन समजून कॉल तुटतात.

एवढं करूनही प्रश्न उरतो, कारण इथे एक नव्हे, दोन दुवे आहेत. बाहेरच्या माणसाने फोन ठेवला हे आधी टेलिफोन कंपनीच्या लाइनवरून ईपीएबीएक्सला कळायला हवं. मग ईपीएबीएक्सने ते १२१ वर व्हॉइसमेलला कळवायचं. ईपीएबीएक्सला ते कळलं तर तो आपला स्वतःचा टोन वाजवतो, आणि तो बाहेरच्या टोनसारखाच असेल असं नाही. त्याला कळलंच नाही तर बाहेरच्या लाइनवरचा टोन आरपार येऊन निरोपात रेकॉर्ड होतो. म्हणून चाचणी दोनदा करा: एकदा आतल्या एक्स्टेन्शनवरून, एकदा बाहेरच्या मोबाइलवरून. आतून ठीक आणि बाहेरून बिघडत असेल तर व्हॉइसमेलला दोष देऊ नका. ट्रंक कार्डाच्या (बाहेरच्या लाइनी ज्यावर येतात त्या कार्डाच्या) सेटिंगमध्ये जा आणि लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल मिळू शकेल का, हे टेलिफोन कंपनीकडे विचारा.

शेवटचा आधार म्हणून दोन मर्यादा ठेवाच: आठ-दहा सेकंद शांतता असेल तर निरोप संपवायचा, आणि कोणताही निरोप तीन मिनिटांपेक्षा मोठा नाही. शांततेच्या मर्यादेला बिझी टोन फसवतो, पण तीन मिनिटांच्या मर्यादेला काहीच फसवत नाही. ती नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी अडकलेली लाइन सोमवारी सकाळी सुटते.

निरोप येतो, पण फोनवरचा दिवा लागत नाही. कधी लागतो तर विझत नाही.

आधी फोनला असा दिवा आहे का ते बघा. साध्या फोनवरचा लाल दिवा बहुधा घंटीबरोबर लुकलुकणारा असतो, त्याचा निरोपांशी संबंध नाही. निरोपाचा दिवा असलेल्या ॲनालॉग फोनमध्ये काहींना निऑन असतो, तो पेटायला नव्वद व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि तो देणारं कार्ड ईपीएबीएक्समध्ये असावं लागतं. काही फोन कॉलर आयडीच्या पद्धतीने आलेला डेटा वाचतात. दोन्ही नसेल तर अडखळता डायल टोन वापरा: रिसीव्हर उचलला की टोन तुटक येतो, म्हणजे निरोप आहे. फुकट आहे आणि बिघडत नाही, फक्त स्टाफला एकदा ऐकवून ठेवावा लागतो.

दिवा लावण्यासाठी ॲनालॉग व्हॉइसमेल स्वतःच्या एखाद्या पोर्टवरून ईपीएबीएक्सचा कोड आणि १०५ असं डायल करतं. म्हणजे त्या क्षणी एक पोर्ट मोकळा हवा आणि त्या पोर्टला तो कोड वापरायची परवानगी हवी. बाहेरची लाइन बंद करताना लोक सगळंच बंद करून टाकतात, मग दिवाही जातो. न विझणारा दिवा बहुतेक वेळा वीज गेल्याचा परिणाम असतो. दोन पेट्यांपैकी एक रीस्टार्ट झाली आणि दोघींची समजूत वेगळी झाली. रात्री सगळे दिवे नव्याने तपासायची सोय व्हॉइसमेलमध्ये असेल तर चालू ठेवा.

पोर्ट किती घ्यायचे?

सगळ्यात गर्दीच्या तासाचा हिशेब करा. समजा त्या तासात २० कॉल व्हॉइसमेलवर जातात आणि ग्रीटिंग धरून प्रत्येकाला दीड मिनिट लागतं. म्हणजे एकूण ३० मिनिटं, टेलिफोनच्या भाषेत अर्धा अर्लांग (एक लाइन तासभर सतत व्यस्त म्हणजे एक अर्लांग). अर्लांग-बी सूत्राने दोन पोर्टवर सुमारे ७.७ टक्के कॉलना जागा मिळत नाही, तीन पोर्टवर १.३ टक्के, चारवर जेमतेम ०.२ टक्के. निरोप ऐकणारे लोक आणि दिवे लावणारे कॉलही हेच पोर्ट वापरतात. म्हणून अशा ऑफिसला चार. दोन पोर्टचं कार्ड स्वस्त पडतं खरं, पण एक लाइन अडकली की निम्मं व्हॉइसमेल बंद.

निरोपांना जागा किती लागते?

फार नाही. टेलिफोनचा आवाज जी-७११ मध्ये (आवाज डिजिटल करण्याची नेहमीची पद्धत) सेकंदाला ८,००० बाइट घेतो, म्हणजे मिनिटाला साधारण ४८० केबी आणि १ जीबीत जवळपास ३५ तास. संगणकावरच्या व्हॉइसमेलला जागेची चिंता नाही. ईपीएबीएक्सच्या आतल्या कार्डावर मात्र मिनिटं मोजकी असतात आणि कार्ड भरल्यावर ते काय करतं हे आधी विचारून ठेवा.

ईपीएबीएक्स आयपी आहे आणि व्हॉइसमेलसाठी ॲस्टरिस्क वापरायचंय. मग हे सगळे त्रास संपले ना?

टोनचे त्रास संपतात. चार गोष्टी पोहोचवण्याची गरज मात्र तशीच राहते, फक्त त्या आता हेडरमध्ये (कॉलच्या संदेशाबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) जातात.

कॉल मुळात कोणासाठी होता हे एसआयपीत दोन प्रकारे सांगतात: डायव्हर्जन हेडर, ज्याचं वर्णन आरएफसी ५८०६ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती सांगणारे क्रमांकित दस्तऐवज), किंवा हिस्टरी-इन्फो, आरएफसी ७०४४. तुमचा ईपीएबीएक्स एक पाठवतो आणि ॲस्टरिस्कमध्ये दुसऱ्याची वाट बघितली जाते, असं झालं की परत तेच सामान्य ग्रीटिंग. पहिल्या चाचणीच्या कॉलचा एसआयपी ट्रेस काढा आणि इन्व्हाइटमध्ये (कॉल सुरू करणाऱ्या संदेशात) यातलं काय येतंय ते डोळ्यांनी बघा. डायव्हर्जन येत असेल तर डायलप्लॅनमध्ये (कॉल कसा हाताळायचा हे ॲस्टरिस्कला सांगणाऱ्या सूचनांत) रीडायरेक्टिंग फंक्शनमधून मूळ नंबर घेऊन तोच मेलबॉक्स म्हणून द्या. मेलबॉक्स नंबर आणि एक्स्टेन्शन नंबर एकच ठेवलेत तर अर्धं काम तिथेच होतं.

दिव्यासाठी आरएफसी ३८४२ ची मेसेज-समरी सूचना असते. फोन ती मागून घेतो, किंवा सर्व्हर न मागता पाठवतो. पीजेसिपमध्ये (ॲस्टरिस्कचा एसआयपी सांभाळणारा भाग) मेलबॉक्सचं नाव एंडपॉइंटखाली (फोनच्या सेटिंगखाली) लिहिलं तर न मागता जाते, एओआरखाली (फोनच्या पत्त्याच्या नोंदीखाली) लिहिलं तर फोनने मागावी लागते. एका फोनचा दिवा लागतो आणि शेजारच्याचा नाही, याचं कारण बरेचदा इथे सापडतं.

पासवर्डचे आकडे चुकतात ही तिसरी तक्रार. डीटीएमएफ आवाजातच पाठवला आणि कोडेक (आवाज डिजिटल करून पाठवण्याची पद्धत) जी-७२९ असेल तर टोन विद्रूप होतात. दोन्हीकडे आरएफसी ४७३३ ची पद्धत निवडा, जुन्या मेनूंमध्ये ती २८३३ या नावाने दिसते, आणि ऑफिसच्या आत जी-७११ ए-लॉ वापरा.

जुना ॲनालॉग ईपीएबीएक्स, मध्ये एफएक्सओ गेटवे आणि पलीकडे ॲस्टरिस्क, अशीही रचना आपल्याकडे खूप चालते. त्यात गेटवे कॉल उचलून पुढे देतो, पण १०५ हा आकडा हेडरमध्ये नसतो. तो मागाहून टोनच्या रूपात येतो. म्हणून डायलप्लॅनमध्ये आधी कॉल उचला, दोनेक सेकंद टोन वाचा, त्यातून मेलबॉक्स नंबर काढा आणि मगच व्हॉइसमेल सुरू करा. थेट व्हॉइसमेल सुरू केलंत तर ते टोन ग्रीटिंगच्या वेळी दाबलेली बटणं समजले जातात, आणि १०५ मधल्या शून्यावर कॉल ऑपरेटरकडे उडी मारतो.

एक्स्टेन्शन उचललं नाही तर आधी मोबाइलवर जावं आणि तिथेही नाही उचललं तर व्हॉइसमेलवर यावं, असं हवंय.

बाहेरची लाइन साधी ॲनालॉग असेल तर हे भरवशाने होत नाही. ईपीएबीएक्सने लाइन घेऊन मोबाइल नंबर डायल केला की त्याच्या मते कॉल लागला. पलीकडे घंटी वाजतेय, माणूस बोलतोय की "आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे" चालू आहे, हे त्याला कळत नाही. पीआरआय किंवा एसआयपी ट्रंकवर उत्तराचा संकेत वेगळा येतो, तिथे हे जमतं. तरीही मोबाइलवर "कॉल घेण्यासाठी १ दाबा" अशी विचारणा ठेवा. नाहीतर ऑफिसचा निरोप कोणाच्या तरी खासगी मोबाइलच्या व्हॉइसमेलमध्ये जाऊन बसतो.

सूचना मराठीत ठेवता येतील का?

येतात आणि ठेवाव्यात. ग्रीटिंग सोपं असतं: ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो रेकॉर्डिंग, आधी मराठी, मग इंग्रजी, आणि सगळं मिळून पंधरा सेकंदांच्या आत.

अवघड आहे ते आकडे बोलणं. इंग्रजी यंत्रणा 'वीस' आणि 'नऊ' अशा दोन फायली जोडून २९ म्हणते. मराठीत एकोणतीस, त्रेचाळीस, सत्त्याहत्तर असे जोडून तयार होत नाहीत. शून्य ते नव्याण्णव सगळे आकडे वेगळे रेकॉर्ड करा. एकाच आवाजात, एकाच बैठकीत. मग 'एक नवा संदेश' पण 'दोन नवे संदेश', म्हणजे विशेषणंही दोन-दोन. वेळ सांगायची तर साडेतीन, पावणेचार ठीक, पण साडेएक नाही, दीड. त्या फंदात न पडता 'एक वाजून तीस मिनिटांनी' ठेवा. जरा सरकारी वाटतं, पण चुकत नाही. फोन नंबर एकेक आकडा सुटा बोलू द्या.

निरोप ई-मेलवर येतात, तरी दिवा चालूच राहतो.

बरोबरच आहे. मेल उघडली हे व्हॉइसमेलला कळत नाही. एकतर मेल पाठवल्यावर निरोप आपोआप पुसण्याची सोय चालू करा, म्हणजे मूळ प्रत फक्त मेलमध्ये उरेल, किंवा दिवा बंद ठेवून मेलवरच विसंबा. आणि मेलबरोबर आवाजाची फाइल ऑफिसबाहेर जाते हेही लक्षात घ्या. ग्राहकाचा आवाज, नाव, नंबर ही व्यक्तिगत माहिती आहे आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा तिला लागू पडतो. वर्षानुवर्षं साठवून ठेवण्याचं कारण नसतं.

व्हॉइसमेलमधून फसवणूक कशी होते?

रात्री कोणीतरी बाहेरून फोन करतं, मेलबॉक्स १०५, पासवर्ड १०५ किंवा १२३४ लावून बघतं, आणि आत शिरल्यावर "नवा निरोप आला की या नंबरवर कळवा" या सोयीत परदेशातला महागडा नंबर टाकतं. पुढचे कॉल तुमचा ईपीएबीएक्स करतो, बिल तुम्ही भरता. म्हणून व्हॉइसमेल पोर्टवर आयएसडी आणि शक्यतो बाहेरची लाइनच बंद. पासवर्ड किमान सहा आकडी, एक्स्टेन्शन नंबरासारखा नको, तीन चुकांनंतर मेलबॉक्स लॉक. सोडून गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स त्याच दिवशी काढा.

दुसरा धोका ऐकलं जाण्याचा. ब्रिटनमध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड हे साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडलं ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकण्याच्या प्रकरणात. त्यातले कित्येक मोबाइल मेलबॉक्स कंपनीने दिलेल्या मूळ पासवर्डवरच उघडत होते.

वीज गेली तर?

दोन्ही पेट्या एकाच यूपीएसवर ठेवा. व्हॉइसमेल बंद आणि ईपीएबीएक्स चालू अशी स्थिती वाईट, कारण ५०० नुसता वाजत राहतो. हंट ग्रुपला ओव्हरफ्लो म्हणून ऑपरेटर द्या.

काम पूर्ण झालं हे कसं ठरवायचं?

टेक्निशियन समोर असताना बाहेरच्या मोबाइलवरून हे करून बघा. उत्तर न देणारं एक्स्टेन्शन, मग बिझी एक्स्टेन्शन, दोन्हीकडे योग्य ग्रीटिंग. निरोप ठेवा, दिवा लागतो का बघा, ऐका, विझतो का बघा. ग्रीटिंग चालू असतानाच फोन कापा आणि पोर्ट किती वेळात मोकळा होतो ते घड्याळात बघा. काही न बोलता फोन कापा: रिकामा निरोप साठता कामा नये. सगळे पोर्ट एकदम अडवून आणखी एक कॉल करा. व्हॉइसमेलची वीज काढून कॉल करा, परत लावा आणि दिवे जागेवर आहेत का तपासा. मग सगळं प्रोग्रॅमिंग कागदावर लिहून, बॅकअप फाइलसह मागून घ्या. पुढचा टेक्निशियन वेगळा असणार आहे.

ईपीएबीएक्स बदलला तर जुने निरोप नव्यात नेता येतील?

आतल्या कार्डावरचे बहुधा नाही. हवे असतील ते वाजवून रेकॉर्ड करून घ्यावे लागतात. ॲस्टरिस्कमध्ये प्रत्येक निरोप म्हणजे आवाजाची एक फाइल आणि तारीख-नंबर असलेली एक मजकुराची फाइल, मेलबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवलेली. फोल्डर कॉपी केला की निरोप आणि ग्रीटिंग दोन्ही जातात. फायलींची मालकी ॲस्टरिस्कच्या युजरकडे आहे एवढं तपासा, नाहीतर निरोप दिसतात, पण पुसले जात नाहीत.